नागप्पा महाराजांचा हंडा

सोमवारी त्या मठात पाय ठेवायला जागा नसे. अणदूरजवळच्या माळावर दहा गावं लोटत. नागप्पा महाराज दुधात दोन चमचे विभूती कालवत, किंचाळणाऱ्याला पाजत, आणि तासाभरात तो माणूस ओंडक्यासारखा आडवा.

"भूत झोपलं!" महाराज गरजत. लोक हात जोडत.

त्या गर्दीत शिवप्रिया भावाचा डावा हात घट्ट धरून बसली होती. उजवा धरण्यासारखा उरलाच नव्हता. शिवानंदला बारा वर्षं स्किझोफ्रेनिया होता. कानातला आवाज म्हणे, तुझा हात पापी आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यानं उजवा हात चुलीत घातला. तीन बोटं गेली. आता आवाज डाव्या हाताचं नाव घेत होता.

"दवाखान्याची गोळी म्हंजी भुताचा खुराक!" महाराज सांगत होते. "ती खाऊन भूत पैलवान होतं. टाका माझ्या हंड्यात, म्या पचवतो!"

शिवप्रियाच्या आई उमाबाईंनी पदराआडून गोळ्यांची पाकिटं काढून तांब्याच्या हंड्यात सोडली. सोलापुरात बी.एस्सी. करून नुकत्याच परतलेल्या शिवप्रियानं हे पहिल्यांदाच पाहिलं.

"अव्वा, अण्णाच्या गोळ्या?"

"सहा महिने हितंच टाकते. आणते मात्र न चुकता. न आणल्या तर डॉक्टर रागावतात."

"म्हणजे त्यानं एकही खाल्ली नाही?"

"कशाला? विभूतीनं दिवसभर झोपतंय की पोरगं."

"आणि मंगळवारपासनं?"

अव्वानं पोराच्या मनगटावरचा वळ पदरानं झाकला. मंगळवारपासून दोरी. पोटच्या पोराचे हात ती स्वतः बांधत होती.

शिवप्रियानं मठातल्या विभूतीचा एक पुडा घरी नेला. दोन ग्लास घेतले. एकात देव्हाऱ्यातली विभूती ढवळली, दुसऱ्यात महाराजांची. पहिल्यात नुसती करडी राख तळाला बसली. दुसऱ्यात नारिंगी रंगाच्या सालपटांचे बारीक तुकडे राहिले. शिवानंदच्या गोळीवरचा लेप अगदी त्याच रंगाचा होता.

पुढच्या सोमवारी ती ग्लास घेऊन थेट गादीसमोर उभी राहिली.

"महाराज, शेणाच्या राखेत ही सालपटं कुठनं आली?"

"शिवाचं तेज हाय ते, पोरी!"

"मग ह्यातले दोन चमचे तुम्ही घ्या."

"आज माझा उपास."

"दूध-विभूती उपासाला चालती की वं!" मागून एक म्हातारी खिदळली. गर्दी हसली, पण महाराजांचा हात काही पुढं येईना. तेव्हा हसू थांबलं.

दोघा-तिघांनी कोठी उघडली. खलबत्ता नारिंगी भुकटीनं माखलेला, शेजारी रिकाम्या पाकिटांची रास. कुणाकुणाच्या गोळ्या एकत्र कुटलेल्या. कुणाच्या पोटात किती जातंय, याचं मापच नव्हतं. माणूस झोपत होता, आजार जागाच. एखादा कायमचा झोपला असता.

अव्वानं राशीतलं एक रिकामं पाकीट उचललं. "म्हंजी गोळी म्याच तोडली. त्याची बोटं म्याच..."

शिवप्रिया आईला धरून बसली.

धाराशिवच्या डॉक्टरांनी शिवानंदला त्याच दिवशी भरती करून घेतलं. "आधी रोज, तुमच्या डोळ्यांदेखत गोळी. तरी आवाज हटला नाही, तर याहून प्रभावी औषध आहे. त्याला वरचेवर रक्त तपासावं लागतं. बरा होईलच, असं वचन देत नाही. पण हात वाचवायची वाट हीच."

विभूती कपाळाला लावावी. पोटात काय जातंय आणि किती, हे मात्र विचारावं. त्यानं कुठल्याच देवाचा अपमान होत नाही. शिवानंदच्या घरी हे विचारायला उशीर झाला.

त्याचा डावा हात अजून शाबूत आहे. रोज सकाळी अव्वा त्याच हातावर गोळी ठेवते, आणि तो गिळेपर्यंत तिथून हलत नाही.