प्रश्नावरचं पहिलं नाव

संपतने पट्टी ठेवून रेघ मारली आणि रेघेखाली चार हा आकडा लिहिला. मग वहीची मागची पानं उलटून तो पुन्हा तपासला. चारच.

आणीबाणीने लांबलेल्या सहा वर्षांत आमदार रामराव यांनी विधानसभेत विचारलेले प्रश्न चार. डोकी मोजून मतं घेतलेली मतविभाजनं अकरा झाली, त्यांतल्या सात वेळा ते सभागृहात होते. बाकीच्या चार तारखा संपतने लाल शाईने लिहिल्या होत्या.

निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. पक्षाचे निरीक्षक भालचंद्र वकील यांनी औरंगाबादहून पत्र पाठवून आमदारांच्या कामाचा एका पानाचा गोषवारा मागितला होता. आमदारांनाच विचारलं तर ते स्वतःची आरती लिहून देतील, असं त्यांनी कळवलं होतं. या पानावर तिकीट ठरणार, हेही पत्रात होतं. संपत जाफराबादच्या शाळेत शिक्षक होता आणि औरंगाबादच्या एका दैनिकाचा वार्ताहरही. बातमीचं पाकीट तो चारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, तिकडे स्टँडवर पेपरचा माणूस उतरवून घ्यायचा. आज गोषवाऱ्याचं पाकीट वकिलांचा माणूस उतरवून घेणार होता.

विधानसभेच्या कामकाजाची छापील पुस्तकं आमदारांना टपालाने फुकट येत. रामराव ते गठ्ठे सुतळीसुद्धा न सोडता संपतकडे पाठवून द्यायचा. गठ्ठा आला की संपतची बायको बेबीनंदा दारातून म्हणायची, "घ्या, माझी सवत आली मुंबईहून." संपत शाळेतून आल्यावर आधी सुतळी सोडायचा, चहा नंतर. रामराव कोणत्या दिवशी बोलला, कोणत्या दिवशी नुसता बसला, कोणत्या दिवशी आलाच नाही, सगळं वहीत उतरायचं. नुसता बसलेला दिवस सापडला की त्याला त्या रात्री चांगली झोप लागायची.

एका प्रश्नावर पाच-सहा सदस्यांची नावं असायची. पहिलं नाव ज्याचं, प्रश्न त्याचा, असा संपतचा नियम होता. तो त्याला कोणी घालून दिलेला नव्हता. रामरावाचं नाव असलेले प्रश्न एकूण सत्तावन्न होते. त्रेपन्नांवर ते दुसरं होतं, म्हणून ते त्रेपन्न संपतने धरले नव्हते.

दोघे औरंगाबादला एकाच कॉलेजात होते. वक्तृत्वस्पर्धेची भाषणं संपत लिहायचा आणि रामराव बोलायचा. रामरावाची घरी शंभर एकर जमीन, भारदस्त आवाज, टेरिलिनचा सदरा. संपतच्या घरी यातलं काही नव्हतं, आणि व्यासपीठावर गेला की त्याचा घसा कोरडा पडायचा. रामराव बोलत असताना मागच्या बाकावर संपतचे ओठ हलत. दोन वर्षं ढाल मिळाली. दोन्ही ढालींवर एकच नाव कोरलेलं होतं.

दाराशी जीप थांबली. रामराव पायताण काढून आत आला, बेबीनंदाला "वैनी, च्या टाका" म्हणाला आणि खाटेवर बसला.

"काय मास्तर, पास का नापास?"

"तुला कळलं?"

"वकिलाच्या पोटात काय राह्यतंय. पन मी काय मागायला न्हाई आलो. तू बराबरच लिवशील."

संपतने वही त्याच्याकडे फिरवली. रामरावाने बोट रेघेपर्यंत नेलं आणि तिथेच ठेवलं.

"चारच?"

संपतने आपला नियम सांगितला. सांगताना आवाज वर्गातल्यासारखा झाला. रामराव चिडेल असं त्याला वाटलं होतं, आणि चिडला की काय बोलायचं तेही त्याने तयार ठेवलं होतं. पण रामराव मान हलवत राहिला.

"मंग तुझा नियम बराबरच हाय. ते त्रेपन्न वाघोळकरनं लिवलेत."

दिगंबर वाघोळकर हे वऱ्हाडातले आमदार. मुंबईत आमदार निवासात दोघांच्या खोल्या शेजारी होत्या. कोणता पाझर तलाव फुटला, कोणत्या शाळेला छप्पर नाही, हे रामराव सांगायचा आणि वाघोळकर ते प्रश्नात बसवायचे. रामराव हे मोकळेपणाने सांगत होता. मंत्र्याला पळवाट राहत नाही अशी त्या माणसाची वाक्यं असतात, म्हणाला.

"पहिल्या सालीच ठरवलं आम्ही. जो लिवतो त्याचं नाव पहिलं. दुसऱ्याकडून लिवून घ्यायचं आन नाव आपलं लावायचं, बरं दिसतं का ते?"

संपतने पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं.

"जेवायलाही बरोबरच असता?"

"तर. मासे खायला शिकवलं त्यानं मला."

बेबीनंदाने चहा आणून ठेवला. संपतने कोरा कागद घेतला. "सत्तावन्न लिहितो," तो म्हणाला. "नाव आहे ते आहे."

रामरावाने कप खाली ठेवला. "सत्तावन्न? मंग तिकीट खिशात आलं म्हन की." तो हसला आणि जीपभोवती जमलेल्या लोकांशी बोलायला बाहेर गेला.

संपतने सत्तावन्न लिहिलं. हजेरी लिहिली, मतविभाजनं लिहिली. चार तारखा या वेळी निळ्या शाईनेच. शेवटी त्याच अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: 'यांपैकी त्रेपन्न प्रश्न सदस्य श्री. वाघोळकर यांनी लिहून दिलेले आहेत, असे आमदारांनी स्वतः सांगितले.' ओळीत एकही विशेषण नव्हतं. त्याने ती दोनदा वाचली.

कप उचलायला आलेल्या बेबीनंदाने वाकून वाचलं. ती सातवी शिकलेली होती.

"हे बी मागितलं व्हतं का वकिलानं?"

"खरं आहे ते."

ती कप घेऊन आत गेली.

संपत बाहेर आला तेव्हा रामराव जीपमध्ये बसला होता. "आन इकडं. स्टँडवरूनच चाललो. कंडक्टरच्या हातात देतो."

संपतने पाकीट पुढे केलं. ते अजून चिकटवलेलं नव्हतं. "वाचून घे एकदा."

"तुझं लिवलेलं मी कदी आधी वाचलंय का?" रामराव म्हणाला. "कागद घेऊन सरळ स्टेजवर जायचो." त्याने स्वतःच जीभ फिरवून पाकीट बंद केलं आणि किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, बंद पडलं. त्याने पुन्हा फिरवली. "वाघोळकरला मी सांगत असतो, आमच्याकडं एक मास्तर हाय. त्याच्यापुढं तू काहीच न्हाईस."

इंजिन सुरू झालं. रामरावाचा कोपर खिडकीबाहेर होता आणि पाकीट शेजारच्या सीटवर, संपतचा हात पोचेल इतकं जवळ.

"मग?" संपतने विचारलं. "तो काय म्हणाला?"

"म्हनतो, दाखव त्याचं लिवलेलं काहीतरी." रामरावाने गिअर टाकला. "आता माझ्यापाशी काय हाय तुझं, दाखवायला?"

जीप निघाली. चारच्या एसटीला दहा मिनिटं होती.