भागोजीच्या होडीला मोटार

मी एक जुनी होडी आहे, आणि साऱ्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर विजेवर चाललेली पहिली होडी मीच. त्या वेळी आमच्या रेवदंड्यात वीज आलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मित्रांनो, माझा जन्म १९२१ सालचा. आंब्याच्या एका खोडातून मला कोरून काढले. एक माणूस, एक गळ आणि एक जिताडा मासा, एवढीच माझ्यात जागा. जिताडा मोठा असला तर माणसाने पाय आखडून बसायचे. भागोजी कोळ्यांनी पंधरा वर्षे मला खाडीत वल्हवले. दर वर्षी ते मला पालथी घालून माशाचे तेल चोळीत. त्यातले थोडे स्वतःच्या खांद्याला चोळले असते, तर पुढचे काही घडले नसते.

१९३६ साली त्यांचा उजवा खांदा निकामी झाला. चुलतभाऊ चांगदेव बघायला आले. बघितले मात्र माझ्याकडे.

"भाऊ, यंदा नारली पुनवेला ही खाडीच्या तोंडापरत जाऊन आली न्हाय, तं मना देशील? म्हशीला पेंड घालाया बरी हाय."

"आनि जाऊन आली तं?"

"तं पुन्यांदा नाव काढनार न्हाय."

भागोजी "व्हय" म्हणाले. अशा वेळी होडीला विचारण्याची पद्धत नाही.

त्यांचे जावई रावजी मुंबईत मोटारी दुरुस्त करीत. त्यांनी एका मोडीत निघालेल्या मोटारीतले विजेचे यंत्र काढले, त्याला लांब दांडा आणि टोकाला पितळी पंखा जोडला, आणि भरलेली बॅटरी मांडीवर घेऊन आगबोटीने आले. यंत्र माझ्या पाठीशी बसले. गाव बघायला लोटला. मी फुगले. लाकूड पावसाळ्यात फुगतेच, पण ही फूग निराळी होती.

"मामा," जाताना रावजींनी बजावले, "बॅटरीतलं पानी कमी झालं तर वरून घाला. पन एकदम शुद्ध. खाऱ्याचा थेंब चालनार न्हाय."

पुनवेच्या सकाळी बॅटरीतले पाणी कमी दिसले. आळीतल्या सगळ्या विहिरी मचूळ. भागोजी डोके धरून बसले. सोनाबाई, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे कोयता घेऊन आल्या.

"अवो, शहाळ्याच्या पान्याहून शुद्ध काय हाय? देवाला चालतं, तं बाटरीला न चालाया काय झालं?"

या युक्तिवादात मला आजही चूक सापडत नाही. चार शहाळी लागली.

दुपारी भरती पुरी होऊन पाणी फिरले. दर्याला नारळ दिला आणि होड्या निघाल्या. भागोजींनी कळ दाबली. मी गुरगुरले आणि चालू लागले. वल्हे कोरडे!

"हात न लावता चालली रं!" काठावर ओरड झाली. चांगदेवांचा चेहरा म्हशीला पेंड न मिळाल्यासारखा झाला.

मग पंखा थांबला. भागोजींनी कळ तीनदा दाबली, एकदा शिवी दिली, आणि दांडा सुकाणूसारखा धरून समोर बघत बसले. ओहोटीने आम्हाला खाडीच्या तोंडाशी नेले. तिथे नांगर टाकून त्यांनी गळ सोडला. दिवस मावळता भरतीने आम्हाला परत आणले, जिताड्यासकट. जन्मभर भरती-ओहोटीवर पोट भरणारे सगळे लोक यंत्रासाठी टाळ्या वाजवीत होते. चांगदेवांनी यंत्राला हात जोडले.

"तुजी होडी तुलाच, भाऊ. इजेपुढं कोनाचं चालतं?"

"बगा," सोनाबाई म्हणाल्या, "चार शहाळ्यांत जाऊन यून झाली."

तेव्हापासून भागोजी रोज ओहोटीने जातात आणि भरतीने येतात. खांदा लागत नाही. यंत्र अजून माझ्या पाठीवर आहे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागते. थळहून माणसे त्याला बघायला येतात, आणि मी ताठ राहते.

तेव्हा मित्रांनो, आपल्या वस्तूंची निगा राखा, आणि तेल चोळताना खांदा विसरू नका.

विजेवर मी आजवर एकूण दीडशे हात चालले आहे.