धाकटीचं मैदान

मे महिन्यातल्या त्या रविवारी थिबोडोंच्या अंगणात क्रॉफिशचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचं पातेलं रटरटत होतं आणि घरचे सगळे टीव्हीपुढे कोंडाळं करून बसले होते. कॉलेजांच्या राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धेचे गट जाहीर होत होते. थिबोडोंच्या दोन्ही मुली पिचर, म्हणजे संघासाठी चेंडू टाकणाऱ्या. थोरली रेमी लुइझियानातल्याच एका छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, धाकटी कॅमिल वर्षभरापासून एका नामांकित विद्यापीठाकडून खेळणारी. यंदा रेमीने दोनच सामने गमावले होते. कॅमिलने अकरा.

तरी आधी झळकलं ते कॅमिलच्या संघाचं नाव. मानांकन नववं, म्हणजे पहिली फेरी घरच्याच मैदानावर. आणि त्याच गटात, अगदी तळाला, रेमीचं कॉलेज. पहिलाच सामना दोघींचा.

"अगं बाई, दोघी एकाच ठिकाणी!" आईने टाळ्या पिटल्या.

रेमीने ताट बाजूला सारलं. "हे कुठलं गणित? ती अकरा हरली, मी दोन. आणि मीच तिच्या दारात जायचं?"

"किती जिंकलीस एवढंच नाही बघत गं ते," डॅडी म्हणाले, "कुणाला हरवलंस तेही बघतात. तुमच्या लीगमधले निम्मे संघ लिंबूटिंबू. कॅमिलपुढे दर आठवड्याला कुणीतरी तगडं उभं असतं. तिथे नुसतं टिकून राहण्यालाही वजन आहे."

"म्हणजे आता हरायची शिकवणी लावू तिच्याकडे?"

तेवढ्यात फोन वाजला. कॅमिल किंचाळतच होती. "रेमी! इकडे येतेयस! माझ्या खोलीवर राहशील ना?"

"आमची टीम हॉटेलात उतरते," रेमीने तुटक सांगितलं आणि फोन आईकडे दिला.

ही जळजळ आजची नव्हती. दोघी शाळेत असताना त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षक बाई आल्या होत्या रेमीचा खेळ बघायला. कुंपणापलीकडे कॅमिल उगाच सराव करत होती, आणि बाईंची नजर तिच्यावर खिळली ती खिळलीच.

शुक्रवारी मैदान खचाखच भरलं होतं. मोठ्या पडद्यावर कॅमिलचा घराएवढा चेहरा हसत होता. रेमीने पहिले दोन डाव झोकात काढले. तिचा हुकमी चेंडू म्हणजे बॅटजवळ येऊन खाली बुडणारा. तिच्या लीगमधल्या मुली त्यावर हवेत बॅट फिरवायच्या. तिसऱ्या डावात मात्र इथल्या मुली तो चेंडू सरळ सोडून द्यायला लागल्या. कुणी घाई करेना; दोघी तर न मारताच बेसवर पोचल्या. आठव्या क्रमांकाच्या मुलीने तर चेंडूमागून चेंडू रेषेबाहेर ढकलत रेमीचा हात दुखायला लावला आणि शेवटी क्षेत्ररक्षकांच्या मधून असा टोला हाणला, की त्या दोघींच्या दोन धावा आल्या.

सहाव्या डावात रेमीच्या संघाने तिन्ही बेस भरले. एकही बाद नाही. रेमी बाकावरून उठून जाळीला चिकटली. 'फूट आता,' ती मनात कॅमिलला म्हणत होती, 'एकदा तरी सगळ्यांदेखत रड.'

कॅमिल समोर बसून चेंडू झेलणाऱ्या आपल्या कॅचरशी काहीतरी बोलली. दोघी चक्क हसल्या. मग पहिली बॅटर तीन चेंडूंत गेली, दुसरीचा झेल वर उडाला, तिसरी चेंडूकडे नुसती बघत राहिली आणि बाद झाली.

सामना संपला: दोन-शून्य.

"काय टाकत होतीस गं! आमच्या पोरी हैराण," हात मिळवताना कॅमिल म्हणाली.

"बेस भरले होते तेव्हा हसत काय होतात?"

"कॅचर म्हणाली, मार्चमध्ये याहून वाईट धुलाई झाली होती आपली, विसरलीस? त्या दिवशी परतताना बसमध्ये मी हमसून रडले होते. पुढच्याच आठवड्यात परत तसंच हरलो."

"मला सांगितलं नाहीस ते."

"तू जिंकत होतीस ना," कॅमिल म्हणाली.

रेमीच्या वाट्याला असा मार्च कधी आलाच नव्हता. घरच्या मैदानाचा, पडद्यावरच्या चेहऱ्याचा हेवा तिला ओळखीचा होता. आता त्या बसमधल्या रडण्याचाही वाटायला लागला, आणि हा हेवा जास्त टोचत होता.

ती तडक आपल्या प्रशिक्षकांकडे गेली. "कोच, पुढच्या वर्षी सुरुवातीलाच अशा संघांशी सामने ठरवा. जे आपल्याला धुतील अशांशी."

"वेडी आहेस का? तुझ्या रेकॉर्डचं काय होईल?"

"होऊ दे खराब."

पलीकडे मुलींनी कॅमिलला खांद्यावर घेतलं होतं. रेमीने तिकडे पाठ केली आणि दुखऱ्या हातावर बर्फाची पिशवी दाबून धरली. दोन पराभवांनंतरच संघ बाहेर पडायचा, त्यामुळे स्पर्धेतली एक संधी उरली होती. उद्या दुपारी परत उभं राहायचं होतं.