विटांमागची चूल

"हात नको लावूस आई, सिमेंट अजून ओलं आहे," विल्फ म्हणाला.

पण हेस्टरचा हात भिंतीवर पोचलाच होता. कंबरेचं हाड जोडून ती इस्पितळातून नुकतीच घरी आली होती. अंगातला कोटही अजून काढला नव्हता. जिथं तिची चूल होती, तिथं विटांची नेटकी भिंत उभी होती, आणि भिंतीपुढं विजेची शेगडी तांबड्या तारा दाखवत बसली होती.

"कशी वाटली?" विल्फ गवंडी होता, स्वतःच्या कामाकडे तो जरा मान तिरकी करून बघत होता. "आता मोळ्या आणायला नकोत. बटण दाबलं की ऊब."

"आज तारीख काय रे?"

"एक नोव्हेंबर."

हेस्टर खुर्चीत बसली आणि लगेच उठली. काठी टेकत खिडकीशी गेली. समोर टेकडीवर राई होती, पानगळीनं पिवळी झालेली. कडेच्या ओकांच्या बुंध्यांवर राईच्या मालकाच्या, म्हणजे इस्टेटीच्या माणसांनी तोडायच्या खुणेचे तांबडे पट्टे ओढून ठेवले होते.

चर्चच्या गल्लीतल्या पाच घरांना त्या राईतलं हेझलचं लाकूड तोडायचा हक्क होता. हेझल बुंध्याशी छाटलं की त्याला फुटवे येतात. ते मनगटाएवढे झाले की पुन्हा छाटायचे. अशी ती राई किती पिढ्यांची चूल पेटवून पुन्हा कोवळीच राहिली होती. हक्क मात्र माणसांचा नव्हता, चुलीचा होता. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, दुपारची घंटा वाजताना इस्टेटीचा कारभारी चर्चच्या फाटकाशी उभा राहून धुराडी बघायचा. ज्या धुराड्यातून राईच्या लाकडाचा धूर निघेल, त्या घराचा हक्क वर्षभर राहिला. एकदा खंड पडला की कायमचा गेला. चार घरांत कोळसा आला, मग गॅस आला. उरलं हेस्टरचं. त्याचंही धुराडं गप्प झालं की राई आडवी करून तिथं ओळीनं विकाऊ लाकडाची स्प्रूसची झाडं लावायची, हे गावाला ठाऊक होतं.

"तुला माहीत होतं," ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली.

"होतं. म्हणूनच बांधली." विल्फचा आवाज एकदम चढला. "त्या राईतच पडलीस ना तू? पावसात दुपारभर चिखलात पडून होतीस. पर्सीकाकाचं कुत्रं भुंकलं नसतं तर? मला ती लाकडं नकोत आई. तू हवीस."

ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. या गल्लीतल्या बाया मोळी बांधताना म्हणायच्या ते तिच्या ओठांवर आपसूक आलं:

*राईची गं काठी, आली चुलीच्या सासराला*
*धूर होऊनिया गेली, पुन्हा राईच्या माहेराला*

दारात पर्सी उभा होता, शेजारचा. "काय गं हेस्टर, नवं कंबरडं चालतंय का?"

"तुझ्या डोक्यापेक्षा बरं चालतंय."

पर्सी हसला, मग त्याला भिंत दिसली. त्यानं टोपी काढली, एखाद्याच्या मयताला आल्यासारखी. "इस्टेटीचे कारभारी, हार्बोर्न साहेब फाटकाशी येऊन उभे राहिलेत," तो हळूच म्हणाला. "नवी हॅट घातलीय. वरातीला आल्यागत."

हेस्टरनं काठी कोपऱ्यात टेकवली. विल्फच्या पिशवीतून हातोडा काढला आणि भिंतीवर घाव घातला. विटेचा टवका उडाला. दुसऱ्या घावासाठी तिनं हात उचलला. विल्फनं मागून हातोडा धरला. ती सोडेना.

"सोड आई."

"नाही सोडणार."

"अगं, मधे मारून काही होत नाही. कोपऱ्यातून उचकटावी लागते." त्यानं हातोडा घेतला, आणि आपलीच भिंत तो वीट वीट करून काढू लागला.

राख पडायची जागा मोकळी झाली तसं तिनं विचारलं, "माझ्या मोळ्या कुठायत?"

विल्फ थांबला. "मैदानावर. पाच तारखेला गावची शेकोटी असते ना, तिच्या ढिगात दिल्या पोरांना."

"शहाणाच आहेस."

तो आणि पर्सी धावत गेले आणि कवळभर हेझल घेऊन आले. आठवडाभराच्या पावसानं ते निथळत होतं. वर्तमानपत्राचा कागद भसकन पेटायचा, विझायचा. लाकडं नुसती सुस्कारे टाकायची. पर्सी गुडघ्यावर बसून फुंकत होता, खोकत होता, लाकडांना शिव्या देत होता. खिडकीतून घंटा वाजवणारा माणूस चर्चच्या मनोऱ्याच्या दारात शिरताना दिसला.

"या राईचं सुकं काहीच नाही का घरात?" विल्फ म्हणाला.

हेस्टर कोपऱ्यातल्या आपल्या काठीकडे बघत होती. ती काठी एम्ब्रोसची होती, तिच्या नवऱ्याची. शेवटच्या हिवाळ्यात त्यानं ती राईतून स्वतः कापून आणली होती, आणि मूठ तासताना रोज तिला विचारायचा, हाताला बसते का बघ. तिचा हात लहान. कधीच नीट बसली नव्हती.

"आई, ती नको," विल्फ म्हणाला.

"मोड," ती म्हणाली. "माझ्या हातून मोडणार नाही."

त्यानं गुडघ्यावर मोडली. सुकी काठी कडकडली आणि लगेच पेटली. वर ओली लाकडं रचली, तसा धूर असा दाटून आला की आधी खोलीत पसरला, मग वाट सापडून वर गेला. घंटा सुरू झाली.

हेस्टर भिंत धरत, मेज धरत दारापर्यंत आली. हार्बोर्न साहेब मान वर करून बघत होते. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग तिच्याकडे वळून हॅट किंचित उचलली, फाटक नीट लावून घेतलं आणि गेले. धूर टेकडीकडे कलला होता.

"पुढच्या साली कोण तोडणार?" मागून विल्फनं विचारलं. त्याचे केस विटांच्या भुकटीनं लाल झाले होते.

"ते तू सांग," ती म्हणाली.

तो राईकडे बघत राहिला. पर्सी आत विटा गोळा करत होता.

हेस्टरचा उजवा हात सवयीनं बाजूला गेला, टेकायला. तिथं काही नव्हतं. मग तो हात परत दाराच्या चौकटीवर आला.