जास्तीचा गोल

"मिस्टर डायक्स्ट्रा, तुमच्या अंगणात पक्षाच्या उमेदवारांच्या आठ पाट्या आहेत. माझ्या बाबांची नववी कुठंय?"

अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं पॅनकेक खात बसली होती. पहिल्या दोन टेबलांवरचा कलकलाट चमचा खाली ठेवावा तसा बंद पडला. विलार्ड डायक्स्ट्रा, पक्षाचा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा अध्यक्ष, एप्रन बांधून तव्यापाशी उभा होता. त्याच्या हातातलं उलथनं हवेतच राहिलं आणि तव्यावरच्या पॅनकेकची कड करपायला लागली.

मर्सीच्या मागे ब्रिन आणि कीली एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "तू विचारूच शकणार नाहीस," असं ब्रिन म्हणाली होती आणि कीलीनं त्यावर आपल्या वाट्याचे तीन सॉसेज लावले होते. गेल्या वर्षी पैज लावली असती तर त्या जिंकल्या असत्या. तेव्हाची मर्सी पेटिफर्ड वर्गात हात वर करण्याआधी घामानं भिजायची. पण सप्टेंबरात ती शाळेच्या वादविवाद संघात शिरली, एक चषक मिळवून आली आणि तेव्हापासून गप्प बसणं तिला शिक्षेसारखं वाटू लागलं होतं.

"पाटी होय!" डायक्स्ट्रा हसला. "अगं, वाऱ्यानं उडाली असेल."

"आठ राहिल्या आणि एकच उडाली? वारा चांगलाच शिकलेला दिसतो. नावं वाचून उडवतो."

कुणीतरी फिसकन हसलं. डायक्स्ट्रानं करपलेला पॅनकेक बाजूला सारला आणि आवाज उतरवला. "हे बघ पोरी, पाट्यांनी काही होत नसतं. मतपत्रिकेवर सगळ्यात वर पक्षाचा गोल असतो. तो एक भरला की आपले नऊच्या नऊ उमेदवार निवडून येतात. लोक तेवढंच करून घरी जातात. तुझा बाप त्यातच आला. साठ वर्षांत आपला कुणी पडलाय का इथं?"

"नाही पडला."

"मग? काळजी कशाला? सिरप घे."

तेवढ्यात ऑरिन पेटिफर्ड, म्हणजे मर्सीचे बाबा, मागून आले आणि त्यांनी तिच्या बाहीला हलकेच धरलं. "माफ करा हं, मिस्टर डायक्स्ट्रा. चल मर्सी, गार होतायत पॅनकेक."

"अरे असू दे ऑरिन, तुझी पोर आहे, बोलणारच!" डायक्स्ट्रा म्हणाला.

मर्सीच्या कानाला ते टोचलं. दोघंही एकाच वयाचे, चोवीस वर्षांची ओळख. पण हा बाबांना 'अरे ऑरिन' म्हणणार आणि बाबा त्याला 'मिस्टर डायक्स्ट्रा' म्हणणार. आजवर तिला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

मिशिगनचा हा कोपरा निम्मा दलदलीचा. नाले तुंबले की मक्याची शेतं बुडणार आणि घराघरांची तळघरं भरणार. म्हणून काउंटीच्या नाल्यांचा प्रमुख इथं शेरीफसारखाच मतं घेऊन निवडतात. ऑरिन पेटिफर्ड पंपमिस्त्री. काउंटीतलं असं तळघर नव्हतं ज्यातला उपसा पंप त्यांनी एकदा तरी उघडला नव्हता. कुठल्या पुलाखालचा पाइप किती रुंद, कुठल्या वळणावर बीव्हर प्राणी बांध घालतात, हे त्यांना तोंडपाठ. काळी कुटुंबं काउंटीत जेमतेम चाळीस आणि त्यांत पेटिफर्ड सगळ्यात जुने. मर्सीच्या खापरपणजोबांच्या वडिलांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्याही आधी इथली चिखलजमीन घेऊन फावड्यानं पहिला नाला खणला होता. ऑगस्टमध्ये पक्षाच्या उमेदवारीला दुसरं कुणी उभंच राहिलं नाही आणि बाबा उमेदवार झाले. त्या दिवशी त्यांनी दाढी करताना शीळ घातली. शीळ! मर्सीनं ती जन्मात पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्या पक्षाचा बॉशर बोटी विकायचा. पाण्यावर काय चालतं ते त्याला ठाऊक होतं. पाणी कसं चालतं ते नव्हतं.

निवडणूक झाली. बुधवारी सकाळी शाळेच्या वाटेवर मर्सी गावसभेच्या इमारतीपाशी थांबली. मतमोजणी यंत्रातून निघालेली आकड्यांची लांब पट्टी नेहमीप्रमाणे दाराला चिकटवलेली होती. काउंटीचा निकाल घरी आधीच कळला होता. बाबा पडले होते आणि "चालायचंच" म्हणून कामावर गेले होते. तरी आपल्या गावाची पट्टी तिला डोळ्यांनी बघायची होती.

"पक्षाचा गोल भरणारे सहाशे चाळीस," ती वाचू लागली. "शेरीफ सातशे दोन. खजिनदार सहाशे अठ्ठ्याण्णव. बाबा..." तिचं बोट थांबलं. "चारशे एकतीस."

"कमी पडली गं," ब्रिन हळूच म्हणाली.

"कमी पडली नाहीत ब्रिन, काढून घेतली! बघ ना. पक्षाचा गोल भरला की बाबांना मत आपोआप मिळतं. सहाशे चाळीस तर नुसती तिथूनच यायला हवीत. मग चारशे एकतीस कशी?"

कीलीनं भुवया आवळल्या. "म्हणजे कुणीतरी पक्षाचा गोल भरला आणि..."

"आणि थांबले! घरी जाता येत होतं. पण त्यांनी पत्रिका उलटली, मागच्या बाजूला पार खाली नाल्यांची ओळ शोधली, आणि तिथं बॉशरचा गोल मुद्दाम भरला. तेवढ्या एका जागी. खालचा गोल भरला की त्या जागेपुरता वरचा रद्द. असं कमीत कमी दोनशे नऊ माणसांनी केलं."

शाळेची पिवळी बस समोरून निघून गेली आणि कुणीही हात केला नाही. आपल्या गावात मतदार किती, त्यांतले दोनशे नऊ कोण असतील, हे ब्रिन मनातल्या मनात धुंडाळत होती. मग तिचा चेहरा पडला. बहुधा तिला स्वतःचंच जेवणाचं टेबल दिसलं असावं. मर्सीला ते कळलं आणि तिनं विचारलं नाही. जीभ कितीही सुटली तरी मैत्रिणीला काय विचारू नये हे तिला समजत होतं.

शुक्रवारी दुपारी डायक्स्ट्राचा फोन आला. तीन दिवस पाऊस लागून होता, पंप बंद पडला होता आणि त्याच्या तळघराच्या फरशीवर पाणी पसरायला लागलं होतं.

"जाऊ नका," मर्सी म्हणाली.

"पंप बिघडलाय," बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी एवढं पुरेसं होतं.

मग तीही व्हॅनमध्ये चढली. बाबांनी अंगणातलं तळघराचं तिरपं दार उचललं आणि दोघं बाहेरच्या दगडी पायऱ्यांवरून तळघरात उतरले. डायक्स्ट्रा घरातल्या जिन्यानं आला, हातात मोठी बॅटरी आणि पायांत नवेकोरे रबरी बूट.

"देवासारखा आलास, ऑरिन. मतं काय रे, आज आहेत उद्या नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस."

बाबांचं लक्ष भिंतीकडे होतं. तिथं लाकडी फळीवर पाट्यांचा गठ्ठा उभा होता. साठ पाट्या, अजून दोरीत बांधलेल्या, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. सगळ्यांवर निळ्या अक्षरांत एकच नाव. पेटिफर्ड. अध्यक्षानं सप्टेंबरात गावभर वाटायला म्हणून नेल्या होत्या त्याच.

डायक्स्ट्राच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढत गेली. "त्या... अरे, वेळच झाला नाही. मुलांना सांगितलं होतं मी."

मर्सीला वाटलं, आता बाबा 'चालायचंच' म्हणतील. त्यांनी खिशातला चाकू काढला, दोरी कापली, वरच्या चार पाट्या उचलल्या, पंपाच्या खड्ड्याच्या कडेला ओल्या फरशीवर नीट अंथरल्या आणि स्वतःच्या नावावर गुडघे टेकून पंप उघडायला बसले.

"विलार्ड," ते मान वर न करता म्हणाले, "ती बॅटरी इकडे धर."

चोवीस वर्षांत या घरात हे नाव बाबांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. डायक्स्ट्रा क्षणभर घुटमळला, मग पुढे आला, वाकला आणि त्यानं बॅटरी धरली.

"अजून खाली. फ्लोट अडकलाय, दिसत नाही मला. हां. हलू नकोस."

मर्सीला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही. तिनं पाना पुढे केला. तिला विचारायचंच होतं, तिनं विचारलं. "मिस्टर डायक्स्ट्रा, पत्रिका तुम्हीही उलटलीत का?"

"मत गुप्त असतं, पोरी."

"मत गुप्त असतं. पट्टी दारावर असते."

"मर्सी," बाबा म्हणाले. पण आवाजात राग नव्हता.

डायक्स्ट्राच्या हातातला उजेड पंपावरून भिंतीकडे सरकला. "माझं काही नाही गं. तुझ्या बापासारखा माणूस नाही, हे मी चर्चमध्येसुद्धा सांगतो. पण लोकांचं असतं एकेक. नाल्यांचा प्रमुख म्हणजे नोटीस घेऊन दारात येणार, तुमचं कुंपण हलवा म्हणणार, दंड करणार. लोकांची अजून तशी तयारी नाही. वेळ लागतो."

"चोवीस वर्षं मी या पायऱ्यांनी उतरतोय," बाबा म्हणाले. "त्याला लोकांची तयारी लगेच झाली होती. पुढच्या दारानं यायचं म्हटलं की वेळ लागतो. बॅटरी सरळ धर."

डायक्स्ट्रानं ती सरळ केली. मग घसा खाकरला. "त्याचंच बोलायचं होतं. बॉशरला नाल्यातलं ओ की ठो कळत नाही. कालच माझ्याकडे आला होता. तो म्हणतो, ऑरिनला हाताखाली उपप्रमुख म्हणून घेतो. काम सगळं तूच बघायचं. कायमचा पगार, विमा, पेन्शन. तो फक्त सह्या करील."

पंप चालू करणारा तरंगता फ्लोट सुटला. पंपानं एक उचकी दिली आणि तो गुरगुरत पाणी ओढायला लागला. बाबा उठले. गुडघ्यांखालच्या चार पाट्या ओल्या झाल्या होत्या, वाकल्या नव्हत्या. बाबांनी त्या पुसून परत गठ्ठ्यावर ठेवल्या, कापलेली दोरी पुन्हा बांधली आणि अख्खा गठ्ठा खांद्यावर घेतला.

"सांगतो सोमवारी," ते म्हणाले, आणि दगडी पायऱ्यांनी वर चढले.

व्हॅनमध्ये मर्सी नुसती उसळत होती. "बाबा, काय चेहरा झाला त्याचा! हलू नकोस म्हणालात तुम्ही! त्याला! आता सोमवारी सरळ सांगा, नोकरी घाल चुलीत."

बाबांनी गाडी सुरू केली. रस्ताभर ते कडेच्या नाल्यातलं पाणी कुठवर आलंय ते बघत होते.

रात्रीच्या जेवणाला राजमा, मक्याचा ब्रेड आणि कोलार्डची पालेभाजी होती. जेनीव्ह, मर्सीची आई, डायलिसिस केंद्रातली पाळी संपवून नर्सच्या कपड्यांतच टेबलाशी बसली होती. सगळं ऐकून तिनं काटा खाली ठेवला.

"खुर्चीत बॉशर बसणार आणि चिखलात तू? एका शब्दानं सांगते, ऑरिन. नको."

"मी हो म्हणणार आहे," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"ऐका दोघीही. मार्चमध्ये बर्फ वितळेल. खालचा नाला अर्धा गाळानं भरलाय. बॉशरला तो नकाशावरही सापडणार नाही. तिथं तुझ्या आत्याचं घर आहे, रॉबिन्सनांची शेतं आहेत. ज्यांनी बॉशरला मत दिलं त्यांचीही आहेत. पाणी चढलं की मी घरी बसून बघू का? त्या दोनशे नऊ जणांनी माझी खुर्ची नेली. माझं कामही त्यांनाच देऊन टाकू?"

आईनं बाबांच्या ताटात ब्रेडचा आणखी एक तुकडा ठेवला. जरा आपटूनच.

मर्सी आपल्या ताटाकडे बघत होती. वादविवादातल्या सवयीनं तिनं खोट शोधली, पण बाबांचा मुद्दा बिनतोड होता. बाबा हरले नव्हते. पण तेवढ्यानं तिचं समाधानही होत नव्हतं. तिला ती ऑगस्टमधली शीळ आठवत होती, आणि ती हिरावून घेतल्याचा जाब कुणीतरी द्यायला हवा होता.

ती उभी राहिली. घरात जेवताना कुणी उभं राहत नसे.

"बस खाली," आई म्हणाली.

"एक मिनिट, आई. बाबा, घ्या ती नोकरी. पण उद्यापासून दर शनिवारी मी तुमच्याबरोबर येणार. एकेक नाला, एकेक पाइप मला दाखवायचा."

"शनिवारी तुझा संघ असतो ना?"

"संघ सोडला. चार वर्षांनी ही निवडणूक परत येईल. तेव्हा मी वीस वर्षांची असेन. बॉशरच्या विरुद्ध मी उभी राहणार आहे."

"पक्ष तुला विचारणारसुद्धा नाही," बाबा म्हणाले.

"मी पक्षाला विचारायला जाणारच नाही. दारोदार उमेदवारीसाठी सह्या घेईन, पुढच्या दारानं, आणि एकटी, अपक्ष उभी राहीन. वरचा गोल माझ्या कामाचा नाही. ज्याला मला मत द्यायचंय त्याला पत्रिका उलटून, पार खालपर्यंत शोधून, माझा गोल हातानं भरावा लागेल. तेवढी मेहनत या लोकांना जमते, बाबा. मी पट्टीवर वाचलंय. मी उभी राहणार. ठरलं माझं."