तुलेचा गूळ

मुष्टियुद्धात ठोसे मागाहून, आधी काटा, असं गिरधर सर पोरींना इतक्यांदा सांगत की पारोळ्याच्या त्यांच्या तालमीत काल आलेली मुलगीही ते घडाघडा म्हणून दाखवी. पुनमचा गट पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस किलोंचा. जळगावच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेला आठवडा उरला होता आणि ही बया पन्नासाखाली यायला तयार नव्हती. अर्धी भाकरी, घोटभर पाणी, भर उन्हात रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या, सगळं करून झालं. वीस वर्षं सरांनी पोरी घडवल्या, पण अजिंक्यपद एकीच्याही नशिबी आलं नव्हतं. पुनमवर मात्र त्यांची सारी भिस्त होती.

तिचे वडील धनसिंग गावदेवीला नवस बोलले होते, की पोर जिंकली तर तिच्या वजनाइतक्या गुळाची तुला करीन. नवस फेडायचा तो काम झाल्यावर, ही जगाची रीत. पण सरांचं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांनी तुला आधीच उरकायला लावली, आणि पुनमचं पारडं अजून जमिनीला टेकलेलं असतानाच अठ्ठेचाळीस किलोंवर हात थांबवला. "जेवढी हवी तेवढीच तोलू," म्हणाले. त्याच संध्याकाळपासून पुजारी जीवराम तो गूळ येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्रसाद म्हणून वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी पुनम एकोणपन्नास भरली. तिसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीसला शंभर ग्रॅम कमी. सरांचा आनंद गगनात मावेना. आता पोटभर जेव म्हणाले. पुनमनं वरण-बट्टी चापून खाल्ली, वर ताक प्यायली, आणि सकाळी काट्यावर सेहेचाळीस किलो दिसले. काटा बिघडला असेल म्हणून सरांनी तिला घेवरचंद शेठच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. तिथंही तेच. बरं, पोर वाळली म्हणावी तर गाल उलट भरलेले, डोळ्यांत तेज. फक्त सराव करताना सरांना एक जाणवलं, ठोसा बसला हे त्यांच्या डोळ्यांना कळत होतं, हाताला कळत नव्हतं.

आता भीती उलटी. पंचेचाळीसच्या खाली गेली तरी बाद. ज्या पोरीचं पाणी तोडलं होतं तिलाच सर तांब्यामागून तांब्या पाजू लागले, आणि दोन तांबे पोटात गेल्यावर काटा पाव किलो खाली उतरला. शेवटी धनसिंग न राहवून हळूच म्हणाले, "सर, पोरले डॉक्टरले दखाडूत का?" उद्याचं वजन होऊ द्या, मग दाखवू, असं सरांनी सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पोर तुलेच्या दिवसापासूनच उतरतेय, हे ध्यानात आलं तसे दिवेलागणीला ते देवळात गेले. जीवराम रिकामी परात घासत बसला होता. सरांनी गुळाचं विचारलं.

"बठ्ठा वाटाई गया, सर. आतेच शेवटला खडा दिधा. लोके दोन दोनदा लई गयात."

थोडाही नाही का, सरांनी पुन्हा विचारलं. जीवरामनं रिकामी परात त्यांच्यापुढं उपडी करून दाखवली. सर पायरीवरच बसले. ते कोणाला काही बोलले नाहीत. बोलणार तरी काय, लोक वेड्यात काढते.

सकाळी जळगावात मुलींची वजनं एका पडद्याआड चालली होती. पुनम सरांच्या शेजारी उभी होती. तिनं त्यांची बाही धरली होती, पण सरांनी खाली पाहिलं म्हणून ते कळलं.

"सर, माले कसंतरी व्हई ऱ्हायनं. घर जाऊ का?"

हो म्हणावं, हिला घेऊन तडक घर गाठावं, असं सरांच्या अगदी ओठांवर आलं. पण वीस वर्षं आडवी आली.

"दोन मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. "जा."

ती आत गेली. पडदा हलला नाही. आतून वजन घेणाऱ्या मॅडमनी तिचं नाव पुकारलं, कुठं आहे ही मुलगी, काट्यावर उभी राहा म्हणाल्या.

"उभीच आहे, मॅडम," पुनमचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

मग मॅडमनी तेच नाव पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं.