दुसऱ्यांसाठी पाहिलेली होडी

चष्म्याच्या दुकानातली काकू गिऱ्हाइकांपुढे मोजून मापून बोलायची, पण होडीचा विषय निघाला की थांबायचं नाव घेत नसे. लग्न झाल्यापासून तिने आणि नवऱ्याने मिळून शिडाची होडी चालवली होती. मग त्याच्या कानाचं दुखणं निघालं, तोल जायला लागला, घरातसुद्धा भिंत धरून चालायची पाळी आली. होडी विकून टाकली.

"तू एकटी जात जा की," तो म्हणायचा.

त्याला खिडकीशी बसवून आपण पाण्यावर जायचं, हे तिच्या जिवाला पटत नसे.

होडीवाल्यांच्या फोनवरच्या गटात मात्र ती अजून होती. एकदा तिथे कुणा अनोळखी शिक्षिकेचा निरोप आला. ती आणि तिचा नवरा समुद्रापासून लांब राहत होते. काकूच्याच धक्क्यावर एक जुनी होडी विकायला होती. 'आम्हाला होडीतलं ओ की ठो कळत नाही. कुणी बघून सांगेल का?'

'मी बघते,' काकूने लिहून टाकलं.

सोबत डिझेलदादा आले. हे तिच्या नवऱ्याचे जुने दोस्त. इंजिन दिसलं की त्यांना तहानभूक राहत नसे, म्हणून हे नाव पडलेलं. आल्या आल्या ते इंजिनाच्या खोबणीत कंबरेपर्यंत घुसले.

काकूने होडीत पाऊल टाकलं आणि पायाखालचं हललं. किती दिवसांनी! तिने उगाचच सुकाणू धरलं. लाकूड तळव्यात असं बसलं, जणू तिचीच वाट बघत होतं.

मग ती कामाला लागली. शिडं उलगडली, शिवण बोटांनी चाचपली, गुडघ्यांवर रांगत बोटांच्या पेरांनी लाकूड वाजवून पाहिलं. सगळीकडे खणखणीत आवाज, डोलकाठीच्या बुडाशी तेवढा बद्द.

"इथे कुजलंय, दादा."

"तेवढं होतंय दुरुस्त," इंजिनातून आवाज आला. "बाकी माल एक नंबर, वहिनी!"

काकूने फोन हातात घेतला. कुजलंय एवढंच कळवलं असतं, तर ते लोक भिऊन मागे सरले असते आणि होडी इथेच राहिली असती. रोज येऊन बघता आली असती. मनात असं आलं खरं. तिने फोन लावला आणि शिक्षिकेला खोट सांगितली, ती कशी काढायची तेही सांगितलं.

"काकू, तुम्ही असता तर घेतली असती?"

"डोळे झाकून."

"मग तुम्हीच का नाही घेत?"

"आमचं आता नाही जमायचं," काकू म्हणाली. "तुम्ही घ्या. लाकडाचं काम आम्ही करून देतो."

आणि दिलं. गटातली आणखी चार टाळकी रंधे, करवती घेऊन जमली. ते जोडपं आलं, तेव्हा गाठी मारण्यापासून शीड वळवण्यापर्यंत सगळं काकूने शिकवलं. निघायच्या दिवशी शिक्षिकेने तिचा हात धरला. "चला ना, एक वळसा घालून परत आणतो."

"पहिली फेरी तुमची," काकू म्हणाली आणि दोर सोडला.

शीड फुगलं. होडी लहान होत होत दिसेनाशी झाली. डिझेलदादा कधी निघून गेले, तिला कळलंही नाही.

घरी नवरा जागेवरच होता. "गेली?"

"गेली."

"बस इथे. नीट सांग. वारा कुठून होता?"

ती त्याच्या शेजारी बसली आणि सांगू लागली. वारा डाव्या अंगाने, धक्का मागे पडला, समोर मोकळं पाणी. त्याने डोळे मिटले. हळूहळू त्याच्या उजव्या हाताची मूठ वळली, कोपर मागे आलं.

"वळायची वेळ झाली," तो म्हणाला. "शिडाचा दोर सैल कर जरा."

"केला," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली.